हॉटेलातल्या पनीर टिक्क्याने बोटं केशरी झाली. हा रंग बेकायदेशीर असतो का?

कृत्रिम रंग टिक्क्यात घातला असेल तर हो, बेकायदेशीरच.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या एका हॉटेलात टिक्का खाल्ला, ताटातला कांदासुद्धा केशरी झाला आणि मालक म्हणाला, "काश्मिरी मिरची आहे, साहेब." मी मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून हॉटेलांना मसाले पुरवायचो. भटारखान्यात मिरचीच्या डब्याशेजारी 'कलर'ची छोटी डबी बहुतेक ठिकाणी दिसायची.

मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तर मिसळीची तर्री वर तरंगते. कांद्याची चकती किंवा लिंबाची फोड आतपर्यंत रंगली, तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा संशय घ्यायला जागा आहे. पिवळ्याचं अजून सोपं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे शर्टावर आमटी सांडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बिर्याणीचं पिवळं शीत साबणाच्या पाण्यात टाका. पिवळंच राहिलं तर ती हळद नव्हे. (केशर असेल म्हणाल, तर आधी बिलावरचा भाव बघा.) ही घरगुती पारख आहे, पुरावा नाही. आणि तर्रीवरही आंधळा विश्वास नको: सुदान नावाचे रंग तेलातच विरघळतात. भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात ते सापडले म्हणून २००३ साली युरोपीय संघाने आयातीवर तपासणीची अट घातली होती.

खरी गोम त्या डबीत आहे. आपल्याकडे खाण्यासाठी ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन वगैरे. पण ती ठरावीक पदार्थांपुरती, म्हणजे मिठाई, आइस्क्रीम, सरबतं, आणि तीही मोजून. मिठाईत किलोला फार तर १०० मिलिग्रॅम. जिलेबीला चालणारा रंग टिक्क्याला, मंचुरियनला, ग्रेव्हीला चालत नाही. म्हणजे डबी कायदेशीर, विकणारा कायदेशीर, आणि तंदूरपाशी तीच बेकायदेशीर. आचाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो चिमटीने घालतो, कारण रंग फिका पडला तर गिऱ्हाईकच ताट परत पाठवतं. रोडामिन बी आणि मेटॅनिल यलो हे तर कापड रंगवायचे रंग, ते कशातच चालत नाहीत. २०२४ मध्ये कर्नाटकाने आधी गोबी मंचुरियनमधल्या आणि मग कबाबमधल्या कृत्रिम रंगांवर बंदीचा आदेश काढला, तो नमुने तपासल्यावरच.

गंमत म्हणजे आपण पुणेकर मेनूकार्डावर 'नो अजिनोमोटो' वाचून निर्धास्त होतो आणि समोरच्या लालभडक ग्रेव्हीला काही विचारत नाही. पनीरमध्ये स्टार्चची भेसळ आहे का ते बघायला त्यावर आयोडीन टाकायच्या व्हिडिओंच्याही नादी लागू नका. ग्रेव्हीतल्या काजूत आणि कॉर्नफ्लोअरमध्ये स्टार्च असतोच, उत्तम पनीरही काळंनिळं दिसेल.

आता तक्रार. बिल जपून ठेवा. २०२२ पासून त्यावर हॉटेलचा १४ आकडी अन्नपरवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो नंबर आणि तारीख टाकून अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या. पदार्थ स्वतः तपासून घ्यायचीही सोय २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात, कलम ४० मध्ये आहे: फी भरायची, आणि नमुना दोषी निघाला तर ती परत मिळते. अट एकच, विकत घेतानाच हॉटेलवाल्याला सांगायचं की हे तपासायला नेतोय. तसं सांगितल्यावर आतून कुठला टिक्का येईल ते तुम्हीच ओळखा. त्यापेक्षा तक्रारच बरी, अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला येण्याआधी वर्दी द्यावी लागत नाही.