छोटा कारखानदार माणूस कसा शोधतो, ते आधी पाहा

नागपूरजवळच्या वाडीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीने मेकॅनिकल डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पूर्ण केला. सहा महिने ती रोज नोकरीच्या साइटवर अर्ज भरते आहे. मोठ्या कंपन्यांकडून उत्तर येत नाही, घरच्या अडचणीमुळे नागपूर सोडता येत नाही आणि ‘इथे ओळखीशिवाय लागत नाही’ असं सगळे सांगतात. आता एक जण बुटीबोरीत हमखास लावून देतो म्हणून अडीच हजार रुपये नोंदणी फी मागतो आहे. ते विचारतात, पैसे द्यावेत का, आणि ऑनलाइन अर्जांचा काही उपयोग असतो का.

नमस्कार,

पैसे देऊ नका. खरी कंपनी उमेदवाराकडून फी घेत नाही. जाहिरातीचा किंवा एजन्सीचा खर्च मालक करतो. समजा पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

ओळखीचं म्हणता, ते अर्धं खरं आहे. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या नागपूरभोवतीच्या औद्योगिक वसाहतींमधल्या तीस-चाळीस माणसांच्या युनिटमध्ये वेगळा एचआर विभाग नसतो. जागा रिकामी झाली की मालक आधी सुपरवायझरला विचारतो, मग ओळखीच्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तिथून माणूस मिळाला नाही की तो संध्याकाळी स्वतः लॅपटॉप उघडून नोकरीच्या साइटवर उमेदवार शोधत बसतो. तुमच्या मुलीने दिसायला हवं ते नेमकं तिथे.

हिंगण्यातल्या एका मालकांना क्वालिटी इन्स्पेक्टर हवा होता, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून हे पाहिलं आहे. त्यांनी शोधात ‘क्वालिटी’, ‘व्हर्नियर’ (बारीक मापं घ्यायचं उपकरण), ‘ड्रॉइंग रीडिंग’ असे शब्द टाकले, ठिकाण नागपूर निवडलं. यादी आली. ज्यांनी पसंतीच्या शहरांत पुणे, मुंबई, बंगळुरू लिहिलं होतं, ते प्रोफाइल त्यांनी उघडलेच नाहीत. मला म्हणाले, ‘‘मॅडम, पोट्टे इथं शिकतात अन् पुण्याले पळतात.’’ जे उमेदवार बरेच दिवस साइटवर आलेले नव्हते, तेही गळले. उरलेल्यांपैकी काहींनी फोन उचलला नाही. एकाने उचलला आणि विचारलं, ‘‘कोणती कंपनी? मी कुठं अर्ज केला होता?’’ फोन तिथेच संपला. ‘लायक माणूस मिळत नाही’ असं हे मालक कळवळून सांगतात, आणि त्याच वेळी वाडीतली एक हुशार मुलगी घरी बसून अर्ज भरते आहे. दोघांची गाठ पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून तिच्या प्रोफाइलची पहिली ओळ बदला. ‘फ्रेशर, आव्हानात्मक संधीच्या शोधात’ असं काही असेल तर काढून टाका, तसं कुणी शोधतच नाही. तिथे लिहू द्या: डिप्लोमा मेकॅनिकल, व्हर्नियर व मायक्रोमीटर, ड्रॉइंग रीडिंग, ऑटोकॅड, राहणार वाडी, हिंगणा एमआयडीसीत रोज येऊ शकते, तात्काळ रुजू. अर्थात जे खरंच येतं तेवढंच. मालक समोर जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला सुटा भाग, ठेवून मोजायला सांगतात आणि लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणाने मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारतात. साध्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे तिच्या ओठांवर हवं आणि हातालाही सवय हवी. पसंतीचं शहर फक्त नागपूर ठेवा. आठवड्यातून एकदा लॉगिन करून काहीतरी अपडेट करा, म्हणजे नाव वर राहतं.

साइट कोणती, यावर फार डोकं शिणवू नका. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन आहेतच. पण पैसे भरून जाहिरात देणं छोट्या मालकाला नेहमी परवडत नाही. राज्य सरकारचं महास्वयं आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन्ही पोर्टल मालक आणि उमेदवार दोघांनाही मोफत आहेत. दोन्हींवर नोंदणी करा. अर्ज केला की कंपनीचं नाव, पद आणि तारीख वहीत लिहून ठेवायला सांगा. अनोळखी नंबर आला तरी फोन घ्यावा आणि वही हाताशी असावी.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती अप्रेंटिसशिपची, म्हणजे स्टायपेंड घेऊन कारखान्यात काम शिकण्याची. तीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगारांचं युनिट स्वेच्छेने घेऊ शकतं. डिप्लोमा आणि पदवीधारकांसाठी नॅट्स, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेचं, पोर्टल आहे. त्या योजनेत किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे नवख्या मुलीला घ्यायला मालक कचरत नाही. पैसे कमी मिळतील, हे खरं. पण वर्षभराने तिच्या हाती शॉप फ्लोअरचा अनुभव आणि प्रमाणपत्र असेल.

बोलावणं आलं की जाण्याआधी कंपनी तपासा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता जीएसटी नंबर टाकला की फर्मचं नाव, पत्ता आणि रिटर्न भरले जातात की नाही, हे दिसतं. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथे मुलीला पाठवू नका. शिफ्टची वेळ आणि रात्री परतायची सोय काय, हे फोनवरच स्पष्ट विचारावं. पण तो प्रश्न तिने स्वतः विचारू द्या. वडील बोलायला लागले की मालकाला वाटतं, मुलीची स्वतःची तयारी नाही.

तिचा आत्ताचा बायोडाटा मला पाठवा. पहिली ओळ आपण मिळून लिहू.