वाचकांचे प्रश्न : नागपूरची महिला परिषद आणि विडी कामगारांचा ठराव

जुलै लागला की सोलापुरातून या विषयावर पत्रं सुरू होतात : २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

शाळेच्या फलकावर परिषदेची माहिती लिहायची आहे. नेमकं काय लिहावं? – एक शिक्षिका, जुळे सोलापूर

आधी तारीख पक्की करा. नागपुरातलं दलित वर्गाचं अधिवेशन १८ जुलैला सुरू झालं. त्यातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा आंबेडकरांचा पक्ष स्थापन करायचं ठरलं. महिलांची परिषद मात्र २० तारखेची. दोन्हींची सरमिसळ होते आणि फलकावर १८ तारीख पडते. दुसरी नेहमीची चूक अध्यक्षपदाची. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण झालं, पण अध्यक्ष ते नव्हते. उपस्थिती सुमारे २५ हजार स्त्रियांची.

समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या आशयाचं बाबासाहेबांचं वाक्य याच भाषणातलं. ते सगळेच लिहितात, तुम्हीही लिहाल. त्याच भाषणात त्यांनी लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका, नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हा, असंही सांगितलं होतं. सुलोचनाबाई तर संततिनियमनावर उघड बोलल्या. १९३८ साली याच विषयावर आंबेडकरांच्या पक्षाचे सदस्य रोहम यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव पडला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या बोलण्याचं वजन कळतं. फलकावर जागा थोडी असेल तर आमचं मत विचाराल तर भाषणाला दोन ओळी द्या, बाकी जागा ठरावांना.

स्त्रियांची परिषद आधीही होतीच ना? मग वेगळी कशाला? – एक वाचक, होटगी रोड

होती. १९०४ साली मुंबईत रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भारत महिला परिषद भरली, आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक झाली. याच अखिल भारतीय परिषदेचं १९३७ अखेरचं अधिवेशन नागपुरात होतं. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरींना वेगळं बसवण्यात आलं. जाईबाई या नागपुरात मुलींची शाळा चालवणाऱ्या दलित बाई, कुणी ऐरीगैरी नव्हे. दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ला निषेध सभा घेतली. 'वेगळी कशाला' याचं उत्तर त्या पंगतीत आहे.

आई आयुष्यभर विड्या वळते. या परिषदेत विडी कामगार बायकांचा विषय खरंच निघाला होता का? – एक वाचक, गोदूताई परुळेकर नगर, कुंभारी

खरंच निघाला होता, तोही आकड्यांसकट. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, शिवाय एक महिना हक्काची रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना किमान १५ रुपये पेन्शन मिळावी, असा तो ठराव. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच नेमावी, असाही एक होता. गिरणीतल्या मुकादमाचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना याचं कारण वेगळं सांगायला नको. नागपूरही सोलापूरसारखंच गिरण्यांचं गाव. तिथल्या राधाबाई कांबळे स्वतः गिरणीत राबून कामगार पुढारी झालेल्या.

पुढे काय झालं? द्विभार्या प्रतिबंधक कायदा मुंबई प्रांतात १९४६ साली आला, घटस्फोटाचा १९४७ साली, आणि देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ साली. दुसऱ्या लग्नाला बंदी आणि घटस्फोटाचा हक्क, दोन्ही परिषदेने मागितले होते. राखीव जागांची मागणी स्थानिक संस्थांपुरती १९९३ साली एक तृतीयांश इतकी पुरी झाली, महाराष्ट्रात २०११पासून निम्मी. लोकसभा-विधानसभेसाठी घटनादुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडलं, तीही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधलेली.

विडीचं घोडं मात्र फार काळ अडलं. रजेची तरतूद करणारा आणि घरी विड्या वळणारीलाही कामगार मानणारा कायदा १९६६ साली आला. भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) १९७७ साली लागू झाला. पीएफच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपये आहे.

आईच्या बाबतीत एक काम आजच करा. पीएफच्या नोंदीतलं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. आपल्याकडे तेलुगू आडनावं एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर अशी असतात. कुठे माहेरचं नाव राहून गेलेलं असतं. पेन्शनचा अर्ज बहुतेकदा इथेच अडतो. वयाची ५८ वर्षं आणि १० वर्षांची सेवा भरल्यावर धावपळ करण्यापेक्षा दुरुस्ती आधीच करून घेतलेली बरी.

अमेरिकेतल्या स्त्री हक्क परिषदेचीही तारीख २० जुलैच आहे म्हणतात. – एक वाचक, बाळे

सेनेका फॉल्सची परिषद १९ आणि २० जुलै १८४८ अशी दोन दिवस चालली. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या, ६८ स्त्रियांच्या आणि ३२ पुरुषांच्या. मताच्या हक्काचा ठराव जेमतेम निभावला, तोही गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस बाजूने उभे राहिले म्हणून. तारीख जुळली इतकंच. नागपूरच्या ठरावांची मुळं इथल्या गिरणीत आणि इथल्या जातीत आहेत.

बचत गटात ठरावांचं जाहीर वाचन करायचं आहे. तासाभरात कसं बसवावं? – एक गट, अशोक चौक

तास धरूच नका, ४० मिनिटं धरा. प्रास्ताविक ५ मिनिटं, वाचन २०, चर्चा १५. प्रत्येक ठरावाला दोघी उभ्या करा : एक सूचक, एक अनुमोदक. सूचकाने ठराव वाचायचा, अनुमोदकाने आज त्याचं काय झालं ते दोन वाक्यांत सांगायचं. तेलुगू बोलणाऱ्या बायका जास्त असतील तर अनुमोदन तेलुगूत होऊ द्या. कागद मोठ्या टायपात, एका पानावर एकच ठराव. वेळ विडी जमा करून बायका परतल्यानंतरची ठेवा, नाहीतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. आषाढी कधी आहे तेही पाहा. काही वर्षी ती २० जुलैच्या आसपास येते, आणि तेव्हा अर्धी मंडळी पंढरपुरात असतात. प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना वाचनानंतर बोलू द्या. आधी बोलले की ४० मिनिटं तिथेच संपतात.