समाज सोडून जंगलात कायमचं एकटं राहता येतं का?

राहता येतं, पण समाजाशिवाय नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातला क्रिस्टोफर नाईट १९८६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी जंगलात शिरला आणि २७ वर्षं तिथेच तंबूत राहिला. तिथला हिवाळा हाडं गोठवणारा. तरी धूर दिसेल म्हणून त्याने शेकोटी पेटवली नाही. कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री उठून तो येरझारा घालायचा, नाहीतर झोपेतच गोठला असता. इतक्या वर्षांत वाटेत भेटलेल्या एका माणसाला ‘हाय’ म्हटलं, एवढंच आपलं बोलणं, असं त्याने नंतर सांगितलं.

मग खायचा काय? चोरलेलं. तळ्याकाठच्या घरांत सुमारे हजार घरफोड्या केल्या त्याने. अन्न, गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, पुस्तकंसुद्धा. २०१३ मध्ये अन्न चोरतानाच पकडला गेला. त्याच्या एकांताचं कौतुक होतं, मला मात्र वर्षानुवर्षं धास्तावून झोपलेली ती कुटुंबं आठवतात.

आपल्याकडे तर राखीव वनात परवानगीशिवाय झोपडी बांधणं हाच गुन्हा आहे. ओढ खरीच असेल तर आधी ओळखीच्या एखाद्या वाडीवर पावसाळ्यात महिनाभर एकटे राहून बघा.