मॉड टाकला की गेम बंद: वाचकांचे प्रश्न

(फायली आणि फोल्डरांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत दिसतील आणि टाइपही तशीच करायची आहेत. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये बदल करणाऱ्या, बाहेरून टाकलेल्या फायलींचा संच.)

प्रश्न: 'मेडिएव्हल टू: टोटल वॉर'वर, 'किंग्डम्स' या त्याच्या पुरवणीसह, आम्ही दोघा भावांनी एकच मोठा मॉड टाकला. माझ्या संगणकावर मोहीम लोड होतानाच गेम बंद पडतो. तीनदा सगळं काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. भावाच्या संगणकावर दोन तास नीट चालतो आणि मग 'अनस्पेसिफाइड एरर' येते. त्यासाठी जेल रोडवरून ८ जीबी रॅमही आणून लावली. आमचं काय चुकतंय?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: मॉड एकच असला तरी दुखणी दोन वेगळी आहेत.

आधी तुमचा संगणक. रोज त्याच टप्प्यावर गेम पडतो, याचा अर्थ त्याला एखादी फाइल सापडत नाही किंवा वाचता येत नाही. 'मॉड्स' फोल्डर उघडा. त्यात मॉडचा फोल्डर आणि त्याच्या आत थेट 'डेटा' दिसला पाहिजे. झिप उघडताना त्याच नावाचा फोल्डर दुहेरी तयार होतो आणि 'डेटा' एक पायरी खाली जातो. ही चूक फार जणांची होते.

तेही बरोबर असेल, तर गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये आहे का ते बघा. व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रॅमने लिहिलेलं ती गुपचूप दुसरीकडे वळवते: तुमच्या युजर फोल्डरात 'ॲपडेटा', त्यात 'लोकल', त्यात 'व्हर्च्युअलस्टोअर'. पुढे गेम वाचतानाही तिथली प्रत आधी उचलतो. गेम काढून टाकला तरी हा साठा जागेवरच राहतो. तीनदा इन्स्टॉल करूनही तुमचा दोष तसाच राहण्याचं कारण हे असू शकतं. त्यातला या गेमचा फोल्डर आधी बाजूला कॉपी करा, मग काढा आणि गेम 'डी' ड्राइव्हवर साध्या फोल्डरात टाका.

एवढ्यानेही भागलं नाही तर लॉग, म्हणजे गेमने केलेल्या कामांची नोंद. मॉडच्या सेटिंग्जच्या सीएफजी फाइलमध्ये 'लॉग' या विभागाखाली दोन ओळी हव्यात. 'टू'पुढे लॉग फाइलचा पत्ता आणि 'लेव्हल'पुढे तारांकन, जागा सोडून 'ट्रेस'. गेम पडल्यावर लॉग उघडा आणि वरून नव्हे, खालून वाचा. शेवटच्या ओळींत ज्या फाइलचं नाव 'एरर'बरोबर आलंय, ती तपासा. काम झालं की 'ट्रेस'च्या जागी 'एरर' करा, नाहीतर लॉग भराभर फुगतो आणि गेम अडखळतो.

आता भावाचा संगणक. रॅम वाढवल्याचा इथे उपयोग नाही. २००६ सालचा हा गेम ३२ बिटी आहे. अशा प्रोग्रॅमला विंडोज २ जीबीच पत्त्याची जागा, म्हणजे वापरण्यापुरती मेमरी, देते, मग पेटीत ८ जीबी असो की ३२. मोठा मॉड ती दोनेक तासांत भरतो. गेम चालवणाऱ्या एक्सई फाइलमध्ये 'लार्ज ॲड्रेस अवेअर' ही खूण चालू केली की ६४ बिटी विंडोजवर त्याच गेमला ४ जीबी मिळतात. 'फोर जीबी पॅच' नावाचं छोटं मोफत साधन हेच काम करतं. मात्र नेमक्या एक्सईला लावा. गेम चालू असताना टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये जे नाव दिसतं ती खरी एक्सई. पुढे कधी स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपवर 'व्हेरिफाय', म्हणजे फायलींची तपासणी, केलीत तर मूळ एक्सई परत येते आणि पॅच पुन्हा लावावा लागतो.

पॅच लावण्याआधी एक चाचणी मात्र करा. शेवटचा ऑटोसेव्ह उघडून तीच चाल पुन्हा खेळा. अगदी त्याच जागी पडला तर दोष मॉडच्या स्क्रिप्टमध्ये किंवा डेटात आहे. तेव्हा चार-पाच फेऱ्या मागचा सेव्ह उघडून वेगळ्या चाली करून बघाव्यात. पुढे सरकला आणि नंतर कुठेतरी पडला, तर मेमरी. आणि गेमऐवजी अख्खा संगणकच बंद होत असेल, तर मॉडला दोष देऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. जुने गेम फ्रेमना (सेकंदाला पडद्यावर काढल्या जाणाऱ्या चित्रांना) लगाम नसला की ग्राफिक्स कार्ड विनाकारण पूर्ण ताकदीने पळवतात. 'व्ही-सिंक' चालू करा, पंख्यातली धूळ काढा आणि पॉवर सप्लाय तपासून घ्या.

प्रश्न: याच गेमच्या मॉडमध्ये मी तुकड्यांची नावं बदलली, पण गेममध्ये जुनीच दिसतात. नकाशाही बदलला, तर आता मोहीमच उघडत नाही.
– एक विद्यार्थी, नंदानगर, इंदूर

उत्तर: गेम तुमची मजकुराची फाइल दरवेळी वाचत नाही. तिच्यापासून बनवलेली 'स्ट्रिंग्ज.बिन' वाचतो. बदललेल्या फाइलची तेवढीच बिन काढा, गेम नवी बनवतो. ज्या बिनची मूळ मजकुराची टीएक्सटी फाइल शेजारी नाही, तिला हात लावू नका, कारण ती पुन्हा बनणार नाही. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-१६ एलई' ठेवा. नकाशाचंही तसंच: 'मॅप.आरडब्ल्यूएम' काढा म्हणजे गेम नवा नकाशा रचेल. यापुढे एका वेळी एकच बदल करून गेम सुरू करून बघत जा, म्हणजे कोणता बदल नडला ते लगेच कळेल.

प्रश्न: 'जनरल्स: झीरो अवर' सुरू होतानाच 'सीरियस एरर' दाखवतो. मॉड काढला तरी तेच. नव्या लॅपटॉपवर माझं नाव मराठीत टाकलं आहे, त्याचा काही संबंध?
– एक वाचक, तुकोगंज, इंदूर

उत्तर: दाट शक्यता आहे. युजर फोल्डराचं नाव देवनागरीत असेल, तर युनिकोडपूर्व धाटणीच्या (सगळ्या लिप्या न ओळखणाऱ्या) गेमला तिथला पत्ता प्रश्नचिन्हांसारखा दिसतो. जपानी किंवा रशियनसाठी विंडोजमध्ये अशा गेमना चालणारी जुनी कोड-पेज, म्हणजे अक्षरांचे तक्ते, आहेत, देवनागरीसाठी तसं नाही, म्हणून सेटिंगमध्ये भाषा मराठी केली तरी हे सुटत नाही. सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदललं तरी फोल्डराचं नाव तेच राहतं. रोमन नावाचं नवं लोकल खातं काढा आणि गेम तिथून चालवा.

मग 'डॉक्युमेंट्स'मधला झीरो अवरचा डेटा फोल्डर बघा. तिथे 'ऑप्शन्स.आयएनआय' नसली तर ती स्वतः बनवा आणि आत 'रेझोल्युशन'पुढे तुमच्या पडद्याला चालणारे दोन आकडे लिहा, उदाहरणार्थ १०२४ ७६८. 'डॉक्युमेंट्स' वनड्राइव्हकडे (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याकडे) वळलेलं असेल, तर फाइल खऱ्या जागीच जाते ना याची खात्री करा. तरीही पडला तर त्याच फोल्डरातली 'रिलीजक्रॅशइन्फो' वाचा. त्यात कारण लिहिलेलं असतं.

मॉड परत टाकताना प्रत्येक मॉडसाठी गेमच्या फोल्डराची स्वतंत्र प्रत ठेवा. हा गेम 'बिग' फायली नावाच्या क्रमाने घेतो, त्यामुळे दोन मॉड एकत्र आले की एकाच्या तुकड्या दुसऱ्याच्या फायलींत शोधल्या जातात आणि गेम पडतो.