वाचकांचे प्रश्न : खांदेरीचे दीपगृह

प्रश्न : थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचे दीपगृह दिसते. शिवकालीन किल्ल्यात दीपगृह कसे आले, आणि त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव कधी मिळाले? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : या दोन्ही बांधकामांचे मूळ एकाच भौगोलिक कारणात आहे. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारे प्रत्येक जहाज या बेटाच्या टप्प्यात येत असे. म्हणूनच १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी येथे तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून ते थांबवण्याचा कसून प्रयत्न केला. पण भर समुद्रात, शत्रूच्या तोफांसमोर दगड रचणाऱ्या त्या माणसांनी काम सोडले नाही आणि अखेर इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. आरमारी इतिहासातील हा प्रसंग शालेय पुस्तकांत अधिक विस्ताराने यावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

पुढे किनारा इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर, ज्या बेटाची त्यांना धास्ती होती, त्याच्यावरच त्यांनी १८६७ मध्ये जहाजांना वाट दाखवणारा सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा उभारला. बेटाला आणि दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव १९९८ मध्ये देण्यात आले.

बेटावर वेताळाचे मंदिर असून कोळी बांधवांची त्यावर मोठी श्रद्धा आहे. जवळच आघात केल्यास धातूसारखा नाद देणारा एक खडकही आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे.