तणस जाळू नका, मुरवा

प्रश्न : धान निघालं की बांधीत तणस उरते. जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणून जाळतो. चारले तर हवेत जाणारा वायू कमी होतो का? – एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : जाळण्याचा धूर तर लगेच वाचतो. पण कोरडे तणस पचायला जड; दुधाच्या मानाने ढेकरातून मिथेन (हवा तापवणारा वायू) जास्त जातो. म्हणून युरियात मुरवा. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरियाचा खडा पूर्ण विरघळू द्या. राहिलेला खडा जनावराच्या पोटात गेला तर विषबाधा होते. थरावर थर देत झारीने शिंपडा, पायाने दाबा, ताडपत्रीने हवाबंद झाका. २१ दिवसांनी तणस तपकिरी, मऊ होते, नाकाला झोंबणारा वास येतो. ताडपत्री फाटली असेल तर तिथे बुरशी धरते, तेवढे फेकाच.

लागेल तेवढे काढून तासभर पसरा, मग चारा. सुरुवात थोड्याने. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. जोडीला थोडी सरकी ढेप आणि हिरवा चारा द्या. जनावर जास्त खाईल, त्यामुळे एकूण मिथेन फारसा घटणार नाही. घटतो तो दर लिटर दुधामागे.