‘पैसे नाहीत म्हणून ना?’

नालासोपाऱ्याच्या ताई,

पत्र मिळालं. मिस्टरांच्या कारखान्यात दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद, पगारही रखडलेला. नाताळच्या सजावटीला हजार रुपयांच्या वर दमडी निघणार नाही. म्हणून तुम्ही मुलांना सांगितलंत, ‘यंदा सगळं घरीच करू या, पर्यावरणालाही चांगलं.’ आठ वर्षांचा धाकटा उड्या मारू लागला. तेरा वर्षांची लेक मात्र ‘पैसे नाहीत म्हणून ना?’ असं विचारून दार लावून बसली. खालच्या मजल्यावर जावेकडे छताला टेकणारं झाड आलंय. सासूबाई ‘येशूजन्माचा गोठा मी करते’ म्हणतात, तोही तुम्हाला टोमणा वाटतोय. आणि तुमचा प्रश्न काय, तर कमी पैशांत घर असं कसं सजवू, की कुणाला कळणार नाही?

कळू द्या हो. निदान घरच्यांना तरी. लेक चिडली ती तुम्ही तिला धाकट्याच्या पंगतीला बसवलंत म्हणून. तेराव्या वर्षी मुलांना घरातल्या पगाराची तारीख तोंडपाठ असते, त्यांना पर्यावरणाची गोष्ट सांगून भागत नाही. धाकटा झोपला की तिला स्वयंपाकघरात बोलवा आणि आहे ते सांगा: बाबांचा पगार अडकलाय, सजावटीला एवढेच आहेत. मग ते हजार रुपये तिच्याच हातात द्या. फराळाचे वेगळे ठेवा, त्यात मिसळू नका. काय आणायचं, काय नाही, ते तिनं ठरवायचं आणि वहीत हिशेब लिहायचा. मधे बोलू नका. तिनं शंभर रुपये उगाच चमकीवर उडवले तरी गप्प बसा.

चमकीवरून आठवलं. घरी केलं की स्वस्तात पडतं, या भ्रमात राहू नका. हस्तकलेच्या दुकानात शिरलं की ग्लिटर शीट, रिबिनी, इवल्या घंट्या, ग्लू गन आणि तिच्या कांड्या एवढ्यावरच हजार रुपये संपतात आणि हाती लागतो अर्धवट चिकटलेला पसारा. थर्माकोल तर आणूच नका. 2018 पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. दोनच गोष्टी करा, बाहेर स्टार आणि आत गोठा. बाकी भिंती उघड्या राहिल्या तर राहू द्या.

स्टारसाठी बुरुडाकडून दोन-दोन फुटांच्या अकरा कामट्या आणा. पाच कामट्यांची एक चांदणी होते. पाचही टोकं आणि आत जिथं कामट्या एकमेकींवरून जातात ते पाचही सांधे सुतळीनं बांधायचे. अशा दोन चांदण्या एकीवर एक ठेवून फक्त टोकं एकत्र बांधा. मग आतल्या पाच सांध्यांशी दोन्हींच्या मधे अकराव्या कामटीचे चार-चार इंचांचे तुकडे उभे अडकवा, की चांदणीला पोट येतं. इथं धाकट्याला घ्या, लहान बोटं नेमकी आत पोचतात. कागद पतंगाचा. संक्रांत जवळ असल्यानं डिसेंबरात तो सहज मिळतो. कामटीच्या बाहेर बोटभर जास्त कापायचा आणि मैद्याची खळ लावून आत दुमडायचा. मागची एक पाकळी उघडी ठेवा, बल्ब तिथूनच जाणार. बल्ब कमी वॅटचा एलईडीच हवा. जुना तारेचा बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. वायर-होल्डरला पैसे घालवू नका, बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी माळ्यावर दिवाळीचा फाटका कंदील असेलच.

आता सासूबाई. त्यांच्या पेटीत मातीच्या जुन्या मूर्ती आहेत आणि त्यातल्या गाढवाला एकच कान आहे, असं तुम्ही जरा कुरकुरतच लिहिलंय. मला विचाराल तर तुमच्या घरातली सगळ्यात भारी सजावट त्या पेटीतच आहे. संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा मांडला, तेव्हा गव्हाण होती, वाळलेलं गवत होतं आणि जिवंत बैल नि गाढव आणलं होतं. लाइटिंग नव्हतं. सासूबाईंनी निर्मळ गावच्या घरी अंगणात गोठा मांडलाय म्हणता, मग पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेंढा कसा शाकारायचा हे त्यांना तुम्ही शिकवणार का? टोमणा असेलही त्यात, मी कुठं नाही म्हणते! पण काम सोपवलं की टोमणे मारायला वेळ उरत नाही. डोंगरासाठी किराणा दुकानातला खाकी कागद चुरगळून गेरूच्या पाण्यात बुडवा आणि वाळवा. गाढवाचा कान लेकीला शाडूचा करून चिकटवू दे. नाही जमला तर एकाच कानाचं गाढव ठेवा.

गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा, बाळ येशू चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेनंतरच. बाळाला भेटायला येणारे तिन्ही राजे गोठ्यापासून लांब, शोकेसच्या टोकाला ठेवा. रोज वीतभर पुढं सरकवायचे, 6 जानेवारीला पोचतील. हे काम धाकट्याचं.

झाडाचा हट्ट असेलच तर किनाऱ्यावर सुरूची पडलेली फांदी मिळते का बघा. झाडावरची तोडायची नाही. ओल्या वाळूच्या बादलीत रोवली की उभी राहते. पानं मात्र गळतात, रोज केर काढावा लागेल.

जावेबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय, मी दोन ओळीच लिहिते. तिच्याशी बरोबरी करायला हजार काय, दहा हजारही पुरणार नाहीत. स्टारला कागद लावायच्या दिवशी तिच्या पोरांना वर बोलवा. ती येतील, खळीनं हात बरबटून घेतील आणि जाताना आपल्यालाही असाच एक हवा म्हणतील. मग काय करायचं ते जाऊ बघेल.

लेक लगेच हसत सामील होईल असं समजू नका. दोन-चार दिवस तोंड फुगवून हिशेब लिहील. लिहू दे.

आणि हो, गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी मूठभर नाचणी रात्रभर भिजवून पसरट ताटलीत मातीवर दाट पेरा, वर रोज पाणी शिंपडा. बोट-दीड बोट उंच यायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे 14-15 डिसेंबरला पेरायची. आधी घाई केलीत तर नाताळपर्यंत पिवळी पडून लोळते. नाचणी राहून गेली तर गहू पेरा, ते लवकर वर येतात.

तुमची,
ताई